समाधानी माणसांच्या विरुद्ध

आपल्याकडे असंतुष्ट माणसाची निंदा करणारी मंडळी उदंड आहेत. कुरकुऱ्या सासरा, सदा कपाळाला आठी घालून बसलेली सासू, घरी-दारी चिडचिड करणारा हेडक्लार्क, यांच्यावर दिवाळी अंकांतून आजवर इतके लिहून झाले आहे की, त्या बिचाऱ्यांना आता एखादा वकील द्यावयास हवा. समाधानी माणसाच्या वाटेला मात्र कोणी जात नाही. तो हसतमुख असतो, आल्यागेल्याला चहा विचारतो, रात्री वेळेवर झोपतो. त्याच्याविरुद्ध लिहावयाचे तरी काय? म्हणूनच लिहिणे अवश्य झाले आहे. माझे स्पष्ट मत असे की, संसारात असंतुष्ट माणसाने जेवढा त्रास दिला असेल त्याच्या दसपट त्रास समाधानी माणसाने दिला आहे. असंतुष्ट माणसाचा त्रास निदान त्याच्या तोंडून सर्वांना ऐकू तरी येतो. समाधानी माणसाचा त्रास ज्याला होतो त्यालाच ठाऊक असतो, आणि तो बहुधा गप्प असतो.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक असावी. नाही तर विवाहासारख्या मंगल प्रसंगी, सनई वाजत असता, भोवती नटलेल्या सुवासिनी उभ्या असता आणि मंडपामागे जिलबीचा घाणा निघत असता, प्रत्येक मंगलाष्टकाच्या अखेरीस त्यांनी 'सावधान' असा इशारा दिला नसता. परंपरा सांगते की, हा शब्द मनावर घेणारे वर एकच निघाले आणि ते पुढे समर्थ रामदास झाले. बाकी सर्वांनी तो शब्द ऐकला, अक्षता झेलल्या आणि ते जेवायला बसले. पण 'सावधान' म्हणजे 'पळ काढा' असा काही अर्थ नाही. अवधान ठेवा, लक्ष असू द्या, जागे राहा, एवढेच त्यात सांगितले आहे. बोहल्यावर दोघेही जागी असतात. तिने कोणत्या रंगाची साडी नेसली, त्याने हात हाती घेताना बोटे किती थंड होती, हे दोघांनाही आठवते. मग वर्षे जातात. 'सावधान'मधला पहिल्या अक्षरावरचा काना हळूच पुढच्या अक्षरावर सरकतो, 'व'चा 'म' होतो, आणि त्या शब्दाचे 'समाधान' होऊन बसते. "आमचे अगदी छान चालले आहे," असे गृहस्थ सांगू लागतो. कोणाचे छान चालले आहे, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच तर तो हसतो.

हे समाधान येते कोठून? संसारातून येते असे कोणी समजू नये. माणूस ते जन्मतःच बरोबर घेऊन येतो. वधूवरसूचक मंडळाच्या जुन्या वह्या चाळा, किंवा आजच्या मोबाईलवरची स्थळे पाहा. प्रत्येक उपवर सुस्वभावी, मनमिळाऊ, निर्व्यसनी आणि 'कुटुंबवत्सल' असतो. प्रत्येक वधू सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष आणि 'आधुनिक पण संस्कारी' असते. या मजकुरावर विश्वास ठेवला तर महाराष्ट्रात एकही हेकट माणूस लग्नाचा राहिलेला नाही. हेकट तेवढे सगळे विवाहित आहेत! बरे, हे लिहिणारे लबाड असतात असेही नाही. ते मनापासून लिहितात, आणि खरी अडचण तेथेच आहे.

1981 साली ओला स्वेन्सन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतील आणि स्वीडनमधील मोटार चालवणाऱ्या मंडळींना एक साधा प्रश्न विचारला: आपल्यासारख्या इतरांच्या मानाने आपण गाडी कितपत कुशलतेने चालवता? अमेरिकेतील शंभरांपैकी 93 जणांनी आणि स्वीडनमधील शंभरांपैकी 69 जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. पहिली-दुसरीतला मुलगाही सांगेल की, अर्ध्या भागात शंभरांपैकी 93 माणसे मावत नाहीत. पुण्यात किंवा मुंबईत कोणी हा प्रश्न विचारला तर काय उत्तर येईल हे मी सांगत नाही. वाचकांनी सिग्नलपाशी उभे राहून स्वतःच अंदाज करावा.

आता हाच माणूस गाडी दाराशी लावून घरात शिरला, तर उंबऱ्याशी आपला गर्व चपलांबरोबर काढून ठेवील काय? 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोघांनी कॅनडातील नवरा-बायकोंना वेगवेगळे बसवून विचारले की, घरातल्या अमुक अमुक कामांत तुमचा वाटा किती? मग दोघांच्या उत्तरांची बेरीज केली. बहुतेक कामांत ती पूर्णाहून अधिक भरली. म्हणजे दोघांच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरांत होते त्याहून जास्त काम होत होते! आणखी गंमत अशी की, केवळ कौतुकाच्या कामांतच हे घडले नाही. भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही माणसे आपला वाटा वाढवूनच सांगत होती. तेव्हा ही निव्वळ बढाई नव्हे. आपण केलेले आपल्याला आठवते आणि दुसऱ्याने केलेले आपल्याला दिसतच नाही, असा हा प्रकार आहे. आपण एकदा माळ्यावरचे पितळी पातेले काढून दिले तर ते दोन दिवाळ्या लक्षात राहते. त्याच पातेल्यात वर्षभर कोणी चिंच लावून हात झिजवले, याची नोंद आपल्या वहीत नसते.

येथे सुजाण वाचक म्हणेल, "मग दोघेही सारखेच दोषी झाले, नवऱ्यांनाच का धरता?" ठीक आहे, बेरजेची चूक दोघांची आहे. पण बेरीज चुकली म्हणून रक्कम सारखी होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली आपल्या देशातील माणसे दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत 81 निघाल्या आणि त्यांचा दिवसातला सरासरी वेळ 299 मिनिटे. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांत असे काम करणारे शंभरांत 26, आणि त्या 26 जणांची सरासरी 97 मिनिटे. उरलेल्या 74 जणांनी त्या दिवशी घरात काडी इकडची तिकडे केली नव्हती. यांपैकी कितीजण 'आमचे छान चालले आहे' असे म्हणत असतील याची मोजदाद सरकारने केली नाही. ती करावयाची गरजही नाही.

पण मी सर्व दोष पुरुषांच्या पदरात टाकणार नाही. तेवढ्याने हा लेख सोपा होईल आणि खोटाही. समाधानाच्या या देवळात पुजारी पुरुष असला तरी नैवेद्य घरातल्या बायकाच करून आणतात. "आमच्या ह्यांना साधा चहासुद्धा करता येत नाही हो!" हे वाक्य हळदीकुंकवाला किती अभिमानाने उच्चारले जाते, हे ज्यांनी ऐकले असेल त्यांना ठाऊक आहे. चाळीस वर्षांचा, दोन पदव्या मिळवलेला, हाताखाली पन्नास माणसे असलेला गृहस्थ पाण्यात साखर आणि पूड टाकून ते उकळू शकत नाही, ही वास्तविक लाजेची गोष्ट. पण ती बांगड्यांच्या नव्या जोडासारखी मिरवली जाते. कारण त्याच्या अज्ञानात हिचे राज्य असते. मी नसले तर यांचे पान हलायचे नाही, हे तिचे समाधान. हिला माझ्यावाचून दुसरे काही नकोच, हे त्याचे समाधान. दोन समाधाने एकमेकांना टेकून उभी राहतात आणि आपण त्याला सुखी संसार म्हणतो. आणि सासूचे समाधान? आपण सोसले ते सुनेने सोसले की ते पूर्ण होते. सासुरवास चांगला असतो म्हणून तो पुढे दिला जात नाही; तो वाईट होता असे कबूल केले तर आपली सारी तरुण वर्षे फुकट गेली असे म्हणावे लागेल, म्हणून तो पुढे दिला जातो.

येथवर आल्यावर एखादे वयस्क वाचक चष्मा सारखा करून विचारतील, "अहो, पण संतांनी तर समाधानच शिकवले ना? तुम्ही काय संतांपेक्षा शहाणे?" मुळीच नाही. पण संतांनी शिकवले ते समाधान निराळे. परमेश्वराने जे दिले त्यात सुख माना असे त्यांनी सांगितले; आपण जसे आहो तसे उत्तम आहो, असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. तुकोबांच्या अभंगांत स्वतःच्या दोषांची जितकी झडती आहे तितकी दुसऱ्या कोणाच्या दोषांची नसेल. समर्थांनी तर 'दासबोधा'त मूर्खांची लक्षणे सांगताना आपली स्तुती आपणच करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगत बसणारा, हे दोघे अगदी आरंभीच पकडले आहेत. आपण काय केले? संतांचे समाधान उलटे करून अंगात घातले. वस्तूंच्या बाबतीत आपण पूर्ण असंतुष्ट: शेजाऱ्याचा टीव्ही मोठा, मेव्हण्याचा फ्लॅट ऐसपैस, साडूची गाडी नवी. आणि स्वभावाच्या बाबतीत मात्र पूर्ण संतुष्ट: "आम्ही हे असे आहोत!" ज्या ठिकाणी थांबावयाचे तेथे आपण धावतो आणि ज्या ठिकाणी थोडे हलावयाचे तेथे मांडी घालून बसतो.

'आम्ही हे असे आहोत' ही तर या रोगाची पक्की खूण. "मी जरा स्पष्टवक्ता आहे," "माझा राग वाईट, पण मन निर्मळ," "आपल्या पोटात काही राहात नाही बुवा," ही वाक्ये दोषाची कबुली म्हणून उच्चारली जातात आणि दागिना म्हणून वापरली जातात. कबुली देऊन माणूस मोकळा होतो. सुधारण्याचे काम तेवढे समोरच्याने करावयाचे असते. थोर माणसेही यातून सुटलेली नाहीत. टॉलस्टॉय यांनी 1862 साली लग्न केले, तेव्हा ते 34 वर्षांचे आणि सोफिया 18 वर्षांची. आपल्यापाशी काही लपलेले नसावे म्हणून त्यांनी लग्नापूर्वी आपल्या रोजनिश्या तिच्या हाती दिल्या. पूर्वायुष्यातले सारे चाळे त्यांत होते. हेतू प्रामाणिक होता यात शंका नाही. पण त्या प्रामाणिकपणाचे ओझे कोणाच्या डोक्यावरून कोणाच्या डोक्यावर गेले? तिने पुढे 13 मुलांना जन्म दिला, नवऱ्याच्या कादंबऱ्यांची किचकट हस्तलिखिते रात्ररात्र बसून पुनःपुन्हा उतरून काढली, आणि त्या रोजनिश्यांची जखम तिच्या स्वतःच्या रोजनिशीत अखेरपर्यंत दिसते. 1910 साली, वयाच्या 82व्या वर्षी, हा महात्मा रात्री घर सोडून निघून गेला आणि अस्तापोवो नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनवर मरण पावला. सोफिया तेथे धावत गेली. पण नवऱ्याची शुद्ध हरपेपर्यंत तिला आत सोडण्यात आले नाही. माणसाच्या मनाचा तळ ज्याने जगाला दाखवला, त्याला घरातल्या एका मनाचा ठाव 48 वर्षांत लागला नाही! मग आपल्या हेडक्लार्कने किती फुशारकी मारावी?

आपल्या रंगभूमीवरचे उदाहरण घ्या. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आला. बालगंधर्वांची सिंधू पाहून दोन पिढ्यांनी डोळे पुसले. नवरा दारूपायी संसाराची राखरांगोळी करतो आणि ती अखेरपर्यंत त्याला शब्द लागू देत नाही. प्रेक्षकांतले पुरुष हुंदके देत होते हे खरे. पण ते कशासाठी रडत होते? मला दाट संशय आहे की, पुष्कळांना सुधाकराची लाज वाटण्यापेक्षा सिंधूचा मोह अधिक पडला. काही झाले तरी न बोलणारी बायको, हे स्वप्न बरोबर घेऊन ते घरी गेले आणि उशीर झाला तरी पान वाढून ठेवलेले असेल अशी त्यांची खात्री होती. याच्या सदतीस वर्षे आधी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना रोकडा सवाल केला होता की, जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटवता ते तुमच्यात नाहीत काय? हे पुस्तक कित्येक दशके विस्मृतीत पडून राहिले. सिंधूला 'वन्समोअर' आणि ताराबाईंना अडगळ, असा हा न्याय झाला. गप्प राहणारी स्त्री आपल्याला हवी होती, कारण ती गप्प असली म्हणजे आपले समाधान शाबूत राहते.

या गप्प राहण्यावरच माझा सगळा रोख आहे. शोकसभांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते. पत्नी निवर्तलेली असते, गृहस्थ उभे राहतात आणि सद्गदित होऊन म्हणतात, "चाळीस वर्षांच्या संसारात तिने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही." श्रोते माना डोलावतात. पण क्षणभर विचार करा: हे प्रशस्तिपत्र कोणाचे आणि आरोप कोणावर? चाळीस वर्षांत जिला बोलावेसे वाटले असे काहीच घडले नाही, हे शक्य नाही. गुडघे दुखले असतील. माहेरच्या लग्नाला जावेसे वाटले असेल. पेटीवर बोटे फिरत होती ती थांबली तेव्हा काही तुटले असेल. छातीत कळ आली ती पाहुणे जाईपर्यंत दाबून ठेवली असेल. तिने सांगितले नाही याचा अर्थ, सांगून उपयोग नाही हे तिला फार पूर्वी कळले होते. डॉक्टर मंडळींना विचारा: 'उगीच कशाला सर्वांना त्रास' म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका त्यांना नव्या नाहीत. नवऱ्याचे समाधान आणि बायकोचे उशिरा उघडकीस आलेले दुखणे, यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

तेव्हा घरात थोडी कुरकूर ऐकू येत असेल तर वाचकांनी घाबरून जाऊ नये. ते घर जिवंत असल्याचे लक्षण आहे. साक्षात पंढरीचे उदाहरण आहे. रखुमाई रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधीत देव तेथे आले, अशी कथा सांगतात. आजही पंढरपुरात रखुमाईचा गाभारा वेगळा आहे. ज्या दैवताला सारा महाराष्ट्र मायबाप म्हणतो त्याच्या घरीही रुसवा आहे. फरक असा की, तिने रुसून दाखवले आणि देव शोधीत आले. "चाललेय छान" म्हणून ते द्वारकेत बसून राहिले नाहीत. आणि माणसांतले उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' काढा. 1934 पासून भागाभागाने हे पुस्तक निघाले. नारायण वामन टिळकांनी 1895 साली धर्मांतर केले, नवरा-बायको वर्षानुवर्षे दूर राहिली, पुन्हा एकत्र आली, भांडली, हसली. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा विक्षिप्तपणा झाकला नाही आणि स्वतःचा वेंधळेपणाही झाकला नाही. तरी त्या पुस्तकातून जेवढी माया पाझरते तेवढी शंभर आदर्श दांपत्यांच्या सत्कारसमारंभांतून पाझरत नाही. कारण ती दोघे एकमेकांकडे पाहात होती.

आता कोणी म्हणेल, रोग सांगितलात, औषध काय? औषध कडू नाही आणि महागही नाही. उद्या-परवा पाडवा आहे. घरोघर पाट मांडले जातील, भोवती रांगोळी निघेल, गृहस्थ नवा सदरा घालून पाटावर बसतील आणि गृहिणी त्यांना ओवाळील. तबकात काय पडावयाचे ते पडो. साडी पडो, पाकीट पडो, सोन्याचा भाव पाहता नुसते वचन पडो. माझे मागणे इतकेच की, त्याबरोबर तबकात एक प्रश्नही घालावा: "गेल्या वर्षात माझ्या लक्षात न आलेले काय राहिले?" आणि उत्तर मिळेल ते फराळाचे ताट संपेपर्यंत ऐकून घ्यावे. "पण मी तर" या शब्दांनी सुरू होणारे एकही वाक्य तेवढ्या वेळात तोंडातून काढू नये. चकली त्याकरिताच केलेली असते. दुसऱ्या फेरीला प्रश्न बाईंनी विचारावा आणि गृहस्थांनी सांगावे. लाडू तिलाही लागू आहे. पोरांना बाहेर घालवू नये. आईबाप एकमेकांना असे काही विचारतात, हे त्यांनी पाहिले तर त्यांच्या लग्नात 'सावधान' हा शब्द ऐकताना त्यांना काही तरी आठवेल.

पहिल्या वर्षी उत्तर बहुधा "काही नाही" असे येईल. त्यावर समाधान मानू नये. निरांजनाचा उजेड ओवाळून घेणाऱ्याच्या तोंडावर पडतो तसा ओवाळणारीच्या तोंडावरही पडतो. पाटावर बसल्या बसल्या तेवढे नीट पाहून घ्यावे, आणि मग प्रश्न पुन्हा एकदा विचारावा.